तीस सेंटिमीटरची पट्टी

वाती वळायला बसले होते. लाख वातींचा संकल्प आहे, चाळीस हजारांवर हात थांबलाय. कापूस पाटावर तसाच आहे. त्याऐवजी आज वन्संबद्दल लिहिते. रोजच्या वहीतल्या चार ओळींत त्या मावत नाहीत.

पद्मजा वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. कोथरूडच्या एका शाळेत एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि राहिल्या आमच्याकडेच, रस्त्याकडच्या खोलीत. पहाटे मी देवाजवळ बसायची, त्या वह्या तपासायच्या. "तुमचा देव तुमच्याकडे बघतो तरी, वहिनी. माझी मुलं फळ्याकडेसुद्धा बघत नाहीत," म्हणायच्या. स्वतः कधी हात जोडले नाहीत, पण प्रसादाची वाटी कधी परत पाठवली नाही.

नववीला चेतासंस्था शिकवायची, हा त्यांच्या वर्षातला सण. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात तालीम व्हायची, त्यामुळे पोळ्या लाटता लाटता मलाही तो धडा पाठ झालाय. "तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो, मेंदूला मागाहून कळतं. मज्जारज्जू साहेबाच्या सहीसाठी थांबत नाही. सरकारी कचेरी असती तर बोटाचा कोळसा झाला असता."

मग पट्टीचा खेळ. एकाने तीस सेंटिमीटरची पट्टी वरून उभी धरायची, दुसऱ्याने तिच्या खालच्या टोकाशी चिमूट उघडी ठेवायची. पहिल्याने न सांगता सोडली की दुसऱ्याने पकडायची. आकडा जितका लहान, तितका डोळ्याचा निरोप मेंदूतून हाताकडे लवकर पोचला. वन्सं स्वतः उभ्या राहायच्या. "हरवा मला!" पंधराच्या पुढे कधी गेल्या नाहीत.

गेल्या जूनमध्ये हातातून खडू निसटू लागला. ब्लाउजची हुकं लागेनात. "वय झालं," हे म्हणाले. "अंदाज नको, दादा. मोजू," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून पूजा आटोपली की मी पट्टी सोडायची, त्यांनी पकडायची, आणि आकडा मी माझ्या वहीत तारखेपुढे लिहायचा. "वाचायचा तुम्हीच. परीक्षा देणाऱ्याने पेपर तपासायचा नसतो." पकडलेली पट्टी माझ्यापुढे धरून त्या खिडकीबाहेर बघत राहायच्या. वीसच्या पुढे गेलं तर डॉक्टर, असं ठरलं होतं. एरवी नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती त्यांना फळ्यापुढे काढायची होती.

जुलैभर सतरा, अठरा. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी तेवीस आला.

"किती?" वन्संनी विचारलं. खिडकीकडेच बघत, पण आवाज असा, की पायरीवर पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी.

"एकोणीस," मी म्हटलं.

त्याच सकाळी वन्संच्या हातांसाठी वातींचा संकल्प केला होता. मला वाटलं, आकडा खाली आणणं देवाचं काम. तो खाली येईपर्यंत मी वहीत नुसती जागा धरून ठेवतेय. दुसऱ्या दिवशी चोवीस आला, अठरा लिहिला. एकदा कमी लिहिल्यावर खरा कुठल्या तोंडाने लिहायचा? ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, दिवाळी झाली. वन्सं दोन्ही हातांनी कप धरू लागल्या आणि शाळेत जात राहिल्या. वही सांगत होती ना, सगळं ठीक आहे म्हणून.

नोव्हेंबरअखेर तो धडा आला. त्या दुपारी ओवी नावाची त्यांची विद्यार्थिनी त्यांना रिक्षातून घेऊन आली. वन्सं खोलीत गेल्यावर दारातच मला म्हणाली, "काकू, मॅडमनी पट्टी पकडलीच नाही. आम्हाला वाटलं मुद्दाम करतायत, सगळे हसलो. दुसऱ्यांदा पण पडली. मग मी हळूच सरकवत खाली आणली, म्हणजे चीटिंगच. तरी नाही. मग फळ्यापुढच्या प्लॅटफॉर्मवरून उतरताना त्यांचा पाय चुकला." पोर रडायला लागली.

तपासण्या झाल्या. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दाबला गेला होता. डॉक्टर म्हणाले, "ऑगस्टमध्ये यायला हवं होतं. बरंच वाचलं असतं. आता ऑपरेशनने पुढचं थांबेल, गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही."

"पण ऑगस्टमध्ये मी अठरावर होते. नोंद आहे." वन्संनी मला पिशवीतली वही काढायला लावली.

डॉक्टरांनी पानं उलटली. "असा हात असताना हे आकडे येत नाहीत."

"मी लिहिलेत," मी म्हटलं. "मनाने."

रिक्षा कर्वे रस्त्याच्या टोकाला आली. मग त्या म्हणाल्या, "मुलांनी असं केलं असतं तर प्रयोगवही फाडून हातात दिली असती." आणि उतरताना, "मी तरी खिडकीबाहेरच बघत होते की." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

डिसेंबरात ऑपरेशन झालं. मानेवरचा व्रण भरला, हात आले नाहीत. आता भरवावं लागतं. ओवी मैत्रिणीला घेऊन शंका विचारायला आली, तर वन्सं आतूनच म्हणाल्या, "नवीन सरांना विचारा." खडूचा डबा त्यांनी शाळेत परत पाठवलाय. मी देवासमोर बसते, पण काय मागायचं ते सुचत नाही. त्याने फसवलं नाही. फसवलं मी, त्याच्या भरवशावर.

परवा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज शाळेतून परत आला. सही जुळत नाही म्हणे. वन्संनी तीनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा कागद फाटला. शाळेतल्या क्लार्कने फोनवर सांगितलं, दोन साक्षीदार घ्या आणि अंगठा चालेल.

"एम.एस्सी., बी.एड. आणि खाली अंगठा," वन्सं म्हणाल्या. "वहिनी, साक्षीदार तुम्हीच व्हा. तुम्हाला नोंदींचा अनुभव आहे."

मी हो म्हटलं. अर्ज उद्या द्यायचाय. कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान एकला बंद होतं, त्याआधी जाऊन शाईचं पॅड आणायचं आहे.