झालरीवरचं सहावं शिंग

त्या आठवड्यात शिंगकाकांना घडीभर बूड टेकवणं जमेना. संग्रहालयाच्या दुरुस्तीखोलीत हाडं सांधण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि नाव पडलं ते एका कवटीवरून. शिंगवाला डायनासोर! खाणार झाडपाला, पण थाट असा की बघत राहावं. नाकावर एक शिंग, डोळ्यांवर दोन, मानेमागे दाराएवढी हाडाची झालर आणि तिच्या कडेला छोट्या शिंगांची रांग. उजवीकडे पाच, डावीकडे सहा.

ते सहावं हाडाचं नव्हतंच. नवखे असताना काकांना झालरीच्या कडेला खळगा दिसला आणि त्यांनी तिथे प्लास्टरचं शिंग ठोकून दिलं. भर घातलेला भाग एक छटा फिका ठेवायचा, हा त्या खोलीचा नियम. काकांनी मात्र हौसेने रंग असा जुळवला की थोरले साहेबही फसले. पाठ थोपटली गेली आणि काका मूग गिळून बसले.

आता एका संशोधक मुलीने चार वर्षं घासून त्याच शिंगावर प्रबंध लिहिला होता. ही डायनासोरची नवीच जात, असं तिचं म्हणणं. सोमवारी ती तो सादर करणार होती.

"गाळणं तिसऱ्यांदा धुताय," बायको म्हणाली. "झालंय काय?"

काकांनी सगळं सांगितलं. "आता बोललो तर माझी अब्रू जाईल गं."

"आणि गप्प बसलात तर तिची. तिने तुमचं काय घोडं मारलंय?"

चहा तसाच टाकून काका निघाले. मुलगी कवटीपाशी मापं घेत होती. काकांनी खिशातली पातळ पटाशी काढली आणि सहाव्या शिंगावर ओढली.

"काका! अहो, काय करताय?"

पांढरी भुकटी तिच्या वहीवर पडली. तिने ती बोटावर घेतली, चोळली आणि मटकन स्टुलावर बसली.

"मी केलंय ते," काका म्हणाले. "माझंच पाप."

तिने डोळे पुसले.

"अख्ख्या कवटीत मला हेच सगळ्यात खरं वाटलं होतं, काका."

कोणीतरी एकदा असं म्हणावं म्हणून काका तीस वर्षं झुरले होते. आता त्यांना ते ऐकवेना.