रोटाव्हेटर की नांगर

वडील पडले, खुब्याचे ऑपरेशन झाले आणि त्यांचे शेतात जाणे बंद झाले. चिखलीच्या घरी मी लॅपटॉपवर शेतीचा गेम खेळायचो, तेव्हा ते शेजारच्या खुर्चीत बसून बघायचे. त्या दुपारी मशागतीचे अवजार निवडायचे होते. मी रोटाव्हेटर घेतला, कारण एका फेरीत जमीन पेरणीला तयार होत होती.

"हे कायले घेतलं बे?" ते म्हणाले. "वरची माती पीठ होते, खालची तशीच कडक राह्यते. नांगरून ढेकळं उन्हात तापू द्या लागते." मग त्यांनी विचारले, "आपल्या वावरात तं नाही ना फिरवलं कोणी हे?"

वावर आम्ही मक्त्याने, म्हणजे वर्षाच्या ठरावीक रकमेवर, दुसऱ्याला कसायला दिले होते. उन्हाळ्यात नांगरणी झालीच पाहिजे, ही वडिलांची एकमेव अट होती. कसणाऱ्याने फोन करून नांगराऐवजी रोटाव्हेटर चालेल का विचारले, तेव्हा मी वर्तमानपत्राच्या ऑफिसात बातमी लिहीत होतो. हो म्हणून मोकळा झालो होतो.

"फिरवलं, बाबा. मीच हो म्हटलं."

त्यांनी स्क्रीनवरच्या शेताकडे बोट दाखवले. मग म्हणाले, "इथं तरी नांगर घे."

मी नांगर घेतला. नांगरणी संपताच गेमने पेरणीयंत्र निवडायला सांगितले. मी बटण दाबणार, तोच त्यांनी माझे मनगट धरले.

"राहू दे," ते म्हणाले. "तापू दे."