दारामागचा ताळेबंद

मी ज्या भातसोसायटीत कारकून होतो, तिची तपासणी करायला कर्जतहून बैलांच्या दमणीतून येणारे ऑडिटरसाहेब भारी कडक. पाणीसुद्धा स्वतःच्या फिरकीच्या झाकणाच्या तांब्यातलं प्यायचे आणि दर घोटामागे म्हणायचे, "नियम म्हणजे नियम!" सभासदांसाठी ताळेबंद दारावर लावावा, हा त्यांचा लाडका नियम. त्या वर्षी तूट होती, म्हणून चेअरमननी तो दाराच्या आतल्या अंगाला चिकटवून घेतला.

एक म्हातारा सभासद साहेबांना म्हणाला, "सायेब, दार उघडलं का कागूद भिंतीकडं जातो, लावलं का कुलपाआड. आमी वाचावा कवा?"

साहेबांनी दार ओढलं, कागदाचे चारी कोपरे नखाने खरवडून पाहिले आणि शेरा लिहिला : "ताळेबंद दारावर आहे. पक्का आहे."

पक्का असणारच. खळ मीच चोपडली होती.