दिन्याने मारलेली गाठ

"आई, गाठ सोडलीस? सोडलीस तू गाठ?" मी असा ओरडलो की मानपाड्यातली बोंब पार शहाडला ऐकू गेली असेल. बिचारीने इस्त्रीसाठी टाय सोडला होता. तेव्हा आमच्याकडे टाय एकदाच बांधून घ्यायचा आणि गाठीसकट वर्षानुवर्षं खिळ्याला टांगायचा. गाठ मारता यायची फक्त शेजारच्या दिन्याला, आणि तासाभरात मला ठाण्याला मुलगी बघायला जायचं होतं.

गेलो मुकाट्याने. त्याच्या पावडरीचा वास माझ्या नाकात, त्याची बोटं माझ्या गळ्याशी. दोन वेढे, एक झटका, आणि गाठ अशी बसली की कलेक्टरने उठून नमस्कार करावा! मी जळून कोळसा.

आज कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि तो टाय दिसला. हल्ली पोरं लग्नालाही टी-शर्टात येतात, खुद्द दिन्या बर्म्युडात फिरतो. माझी जळजळ मात्र अजून ताजी आहे. त्या दिवशी पोहे खाऊन झाल्यावर मी मुलीला, म्हणजे आताच्या आमच्या हिला, ऐटीत म्हणालो, "काही विचारायचं असेल तर विचारा."

ती म्हणाली, "टायची गाठ छान आहे. कुणी मारली?"