आंदण

“कामाची काळजी नको, ही पोरगी आंदण देऊ की!” काकू म्हणाल्या आणि सगळे हसले. वैरागहून आलेल्या विहीणबाई पोह्यांची बशी सावरत पदराआड हसल्या. पोरगी म्हणजे मी. चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा न्हाय.

शुक्रवार पेठेतलं ते घर. खाली कापडाचं दुकान, वर माणसं. बहात्तरच्या दुष्काळात मैंदर्गी सोडून आम्ही सोलापुरात आलो, तेव्हापासनं आई तिथं धुणंभांडी करायची. सातवीनंतर माझी शाळा सुटली, नि मीपण तिथंच लागले. काकूंची नलूताई माझ्याहून थोडी मोठी. मॅट्रिक झालेली.

मी नलूताईवर जळायचे. खोटं कशाला बोलू? लई जळायचे. तिच्या बांगड्यांवर न्हाय, साड्यांवर न्हाय. तिच्या लोळण्यावर. दुपारी पलंगावर पालथी पडून, पाय हलवत ती पुस्तक वाचायची. वाचनालयातनं पुस्तक आणायचं मी, वाचायचं तिनं. हा कुठला न्याय?

एकदा एक बारकीशी कादंबरी आली. राजघराण्यातली. वाचनालय ते घर, लांबच्या बोळानं येत मी निम्मी वाचली. उरलेली चुलीपुढं, भात शिजेस्तोवर. राजा पोरीचं लग्न ठरवतो, न बघितलेल्या राजपुत्राशी. पण ठरवायच्या आधी सगळ्या दरबारात तिला विचारतो, बाळ, तुझ्या मनात काय आहे? मला कधी कुणी असं विचारलं होतं? पण वाचताना राजकन्या मीच होते. हत्तीवर मीच बसले होते. भात करपला, शिव्या खाल्ल्या, तरी मी हत्तीवरच.

दुसऱ्या दिवशी नलूताई तीच कादंबरी मोठ्यानं वाचत होती, मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. ‘हत्ती, घोडे, शालू आणि एक दासी आंदण दिली’ असं आलं. तिनं मान वळवली. “अगंबाई, ही बघ तू आलीस!”

खो-खो हसली. माझे तेलाचे हात तसेच राहिले. ती ओळ मी हत्तीच्या नादात ओलांडून गेले होते. पुढं ऐकत राहिले. त्या दासीचं पुन्हा नावच न्हाय. सासरी पोचली का वाटेत मेली, कुणाला पडलंय!

घरी आल्यावर आईला विचारलं, “आंदण म्हंजे काय गं?”

“लग्नात पोरीसंगं माहेरनं देत्यात ते. भांडी, गाय.”

“आन् माणूस?”

“येडी का काय! माणूस कुटं देत्यात व्हय?”

आणि विहीणबाई आल्या त्या दिवशी काकू पोहे वाढता वाढता मला देऊन मोकळ्या झाल्या. त्याच्या जरा आधी काकांनी नलूताईला आत बोलावलं होतं. “पोरगा पसंत आहे ना? नसला तर आत्ताच सांग, मोडू.” मी दाराआडनं ऐकलं आणि जळून कोळसा झाले. वैरागला जन्मभर राबायला जायची मी. पण मला विचारलं न्हाय. मोरीत भांडी घासत बसलेल्या माझ्या आईलाही न्हाय.

मी ट्रे खाली ठेवला. “काकू, मी न्हाय जायची.”

विहीणबाई गडबडल्या. “अगं, चेष्टा केली त्यांनी.”

“चेष्टा कसली?” काकू म्हणाल्या. “दोन वेळ जेवेल, अंगावर लुगडं मिळेल. आणखी काय पाहिजे हिला?”

“इचारायला पायजे. नलूताईला इचारलं तसं.”

“तुला विचारायचं? तू कोण राजकन्या लागून गेलीस?”

नलूताई बांगड्या फिरवत खाली बघत बसली. आई ओल्या हातानं धावत आली. रागावली की ती कानडीत बोलायची. “सुम्म कूड!” गप बस. आणि चारचौघांत माझ्या थोबाडीत दिली.

“मार की,” मी म्हटलं. “पर तूच म्हनालीस न्हवं, माणूस देत न्हाईत म्हून?”

आईचा दुसऱ्यांदा उचललेला हात खाली आला. ती परत मोरीत जाऊन भांडी घासायला लागली. मी एकटी जिना उतरले.

आमचं दोघींचंही काम सुटलं. आईनं कित्येक दिवस अबोला धरला. मी विड्या वळायला बसले, बोटं तंबाखूनं काळी झाली. नलूताईची वरात आमच्या बोळावरनं गेली, तेव्हा मी दारात उभी राहून पोट भरून जळले. राजपुत्रावर न्हाय. त्या एका प्रश्नावर.

बाया म्हणायच्या, पोरी, दुसऱ्याचं बघून जळू नये. का नये? मी जळणार. तिला न मागता मिळालं ते मला मिळेस्तोवर जळणार. माझ्या जन्माचं ज्याला काय ठरवायचं असेल, त्यानं आधी माझ्यासमोर बसायचं, मला विचारायचं, आणि मी न्हाय म्हटलं की चपला घालून चालायला लागायचं.