हुकमाचं पाणी

निजामाच्या कचेरीत आमच्या बेंबळीकडच्या तळ्याचं पाणी सोडायचे हुकूम एक कारकून लिहायचा. बोलताना डोळे मिटून घ्यायचा. समोरच्याचं तोंड बघण्याची त्याला गरजच वाटत नसे. मी शाळामास्तर, म्हणून मला तेवढं ‘बसा’ म्हणायचा.

एका लग्नासाठी आम्ही दोघं कोकणात गेलो. तिथल्या गावाला जुना दगडी तट होता आणि समुद्र रोज त्याला धडकतो, असं यजमान म्हणाले होते. हा छत्री टेकत बुरुजावर चढला. खाली नुसता चिखल. ओहोटी लागलेली.

“आटलं की पाणी,” तो म्हणाला. “यंदा पाऊस कमी असंल.”

चिखलात शिंपले वेचणारी म्हातारी खालून म्हणाली, “येईल दुपारला आपसूक.”

“आपसूक कसं? सोडतं कोण?” ह्यानं डोळे मिटले. “हुकूम कुणाचा?”

म्हातारी पुन्हा शिंपले वेचायला वाकली. मी भरती-ओहोटी समजावायला लागलो, तर ह्यानं हात वर करून मला गप्प केलं. दुपारी लाटा तटाला लागल्या, तेव्हा छत्री आपटून एवढंच बोलला, “आता कसं.”

परतल्यावर कचेरीच्या ओट्यावर तो शेतकऱ्यांना सांगत होता, “तट लई मजबूत, पण पाण्याचा बंदोबस्त ढिला. मी दम दिला, तवा कुठं सोडलं.”

“व्हय साहेब,” म्हणत सगळे माना हलवत होते. कुणी हसलं नाही. त्यांचा ऊस करपायला लागला होता, आणि तळ्याचं पाणी अजून सुटायचं होतं.