कल्ला उघडून दाखवणाऱ्या मावशी

बोरिवलीच्या मासळीबाजारात कोपऱ्यावर बसणाऱ्या त्या कोळीण मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. मासा विकण्याआधी त्या बोटाने त्याचा कल्ला उघडून आतला लाल रंग, म्हणजे ताजेपणाची खूण, गिऱ्हाइकाला दाखवायच्या. पुढे घरपोच मासळी देणारी अ‍ॅप आली आणि गर्दी आटली. त्यांच्या शेजारणीने जागाच सोडली. मीही अ‍ॅपवरून मागवू लागलो आणि मावशींची नजर चुकवायला पलीकडच्या गल्लीतून जाऊ लागलो.

मन खायला लागलं, म्हणून एका रविवारी मुद्दाम गेलो. मावशी एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने सुरमईचा कल्ला उघडत होत्या. "बघा गं बायांनो, आत्ताच आलीय. पाहिजे तिने लगेच सांगा." व्हिडिओ त्यांच्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला आणि फोन वाजतच राहिला.

"अ‍ॅपवाले मासा दाखवतात," त्या मला म्हणाल्या, "कल्ला कुठं दाखवतात?"

मी ओशाळून म्हणालो, "मावशी, आज ही सगळी सुरमई मलाच द्या."

त्या खळखळून हसल्या. "तुला कुठून देऊ रे? समोर दिसते ती सगळी बुक झाली. बाजूची जागा पण मीच घेतलीय आता. तू ग्रुपवर ये, मग बघू."

उपकार करायला गेलेला मी रिकामी पिशवी घेऊन परतलो. आता मी त्यांच्या ग्रुपवर आहे. काल पुन्हा माझी सुरमई हुकली, आणि मला मनापासून बरं वाटलं.